वाघाच्या शेपटीचा कच्चा टाका

एकदा एका म्हाताऱ्या बहुरूप्याकडे एक तरुण शिष्य म्हणून आला, आणि आला तो हट्ट धरूनच आला. म्हणाला, "मला असं सोंग शिकवा, की ते सोंग आहे हे बघणाऱ्याला कळताच कामा नये."

म्हाताऱ्याचे नाव हैबतीनाना. आयुष्य सारे इतरांची रूपे घेण्यात गेलेले. सुगी आटोपली की नाना बाहेर पडत आणि ठरलेल्या गावांतून फिरत. आज फौजदार, उद्या जटाधारी बैरागी, परवा सासूच्या नावाने बोटे मोडणारी सून. मोठ्यांसाठी ही सोंगे. मुलांसाठी मात्र एकच सोंग राखून ठेवलेले होते, आणि ते म्हणजे वाघ. वाघ येणार म्हटले की पोरे जेवण अर्धे टाकून पळत. आयाबाया सुपातून जोंधळे घालत, कुणी जुने धोतर देई, आणि नानांचे वर्ष निघे.

शिष्याचे नाव केरबा. शहरात एका शिंप्याकडे तो कारागीर होता, आणि हात असा की त्याने कोटाला रफू केले तर फाटले कुठे होते हे कोटाच्या मालकालाच सापडू नये! पण लहानपणी त्याने नानांचा वाघ पाहिला होता, आणि तो वाघ काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. घरच्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "चांगली शिलाई सोडून दारोदार सोंगे काढत हिंडणार?" केरबाने ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी गाठोडे उचलून नानांच्या मागे चालू लागला. एकदा मनाने घेतले की मागे वळून बघायचे नाही, असा त्याचा स्वभाव.

पहिल्या सुगीत तो नुसता सोबत फिरला, आणि मनातून खट्टू झाला. कारण लहानपणी ज्या वाघाने त्याला वेड लावले होते, तो जवळून पाहिला तर भलताच गबाळा निघाला. पट्टे पुसट झालेले, मुखवट्याचा एक कान दुमडलेला. आणि शेपटी! ती तर हमखास गळून पडायची. नाना डरकाळी फोडत, उडी घेत, आणि शेपटी मागे धुळीत. पोरे ओरडत, "वाघोबा, शेपटी! शेपटी!" नाना भलतीकडेच शोधत बसत. केरबाला मेल्याहून मेल्यासारखे होई. तो धावत जाऊन शेपटी उचलून लपवायला बघे. नाना त्याच्याकडे मुखवट्यातून एक नजर टाकत.

त्या फेरीत एका बाजारगावी माणिकशेट नावाच्या कापडव्यापाऱ्याने नानांची चेष्टा केली. माणूस मनाने वाईट नव्हता, पण जिभेला हाड नाही. दुकानाच्या गादीवर लोडाला टेकून म्हणाला, "नाना, तुमचा वाघ आता पेन्शनीत काढा. आमच्या नातीच्या, मुक्तीच्या हातात मोबाईल दिला ना, की त्यात जिवंत वाघ दिसतो. हरणामागं पळतो, नरडं धरतो. तुमची चिंध्यांची मांजर कोण बघणार हो?"

नाना हसले. केरबाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच क्षणी त्याने ठरवले, की पुढच्या सुगीला याच दुकानासमोर असा वाघ उभा करायचा, की शेटने लोड सोडून पळत सुटावे.

पावसाळाभर त्याने दुसरे काही केले नाही. पिवळे जाड कापड आणून त्यावर पट्टे रंगवले. कागदाच्या लगद्याचा मुखवटा केला, त्याला घोड्याच्या केसांच्या मिशा लावल्या. म्हशीच्या शिंगाचे तुकडे घासून नख्या केल्या. अंबाडीचा दोर वळून शेपटी केली, आणि तिच्या टोकाला असा गोंडा जोडला की हात फिरवावासा वाटे. शेपटी शिवायला बसला तेव्हा नाना जवळच सुपारी कातरत होते.

"शेपटीचा टाका जरा ढिला ठेव," ते म्हणाले.

केरबाला वाटले, म्हाताऱ्याच्या सवयीच ढिल्या. तो "हो" म्हणाला, आणि दोऱ्याला मेण लावून दुहेरी टाका घातला. वर एकदा ओढून पाहिले. बैल जुंपला तरी शेपटी हलली नसती.

पुढे जे झाले ते केरबाने ठरवले होते तसेच झाले. वाईट म्हणायचे तर तेच वाईट.

सुगी झाली. दोघे त्या बाजारगावी पोहोचले. नानांचा गुडघा धरला होता, म्हणून ते वेशीजवळच्या धर्मशाळेत थांबले आणि केरबा एकटाच वाघ होऊन निघाला. तो चालला नाही, सरकला. पेठेच्या कोपऱ्यावर त्याने अंग आकसले, दबा धरला, आणि माणिकशेटच्या दुकानासमोर येऊन जी डरकाळी फोडली, ती ऐकून शेट खरोखरच गादीवरून उठून कापडाच्या गठ्ठ्यामागे गेला. पेठ थक्क झाली. "वा रे पठ्ठ्या!" कुणीतरी ओरडले. मोठी माणसे टाळ्या पिटू लागली. मुखवट्याच्या आत केरबाचा ऊर भरून आला.

पण टाळ्या मोठ्यांच्याच होत्या. पोरे पळाली होती. जी नेहमी वाघाच्या मागे घोळक्याने चालत, ती आयांच्या पदरात तोंड खुपसून रडत होती. आणि दुकानाच्या पायरीवर माणिकशेटची नात मुक्ती, नुकते पुढचे दात पडलेली, एवढीशी पोर, जागच्या जागी ताठ उभी होती. रडली नाही, पळाली नाही. तिची बोबडीच वळली होती. आईने तिला उचलून आत नेले तेव्हा पोरीचे अंग गार लागत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर चार माणसे जमली, आणि नाना-केरबाला बोलावणे गेले. मुक्तीची आई डोळ्यांना पदर लावून सांगत होती, "कालपासून धान्याच्या कणगीमागं बसलीय. खात नाही, बोलत नाही. अंगणात चल म्हटलं की मान हलवते. माझी बडबडी पोर, तिला काय करून ठेवलं तुम्ही?"

काल टाळ्या पिटणारेच आज डोळे वटारून बसले होते. माणिकशेट म्हणाला, "नाना, तुमच्याशी वैर नाही. पण आता या गावात सोंग बंद. पुढल्या सालापासून येऊ नका." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

एक गाव बंद झाले की बातमी बाजाराबरोबर पुढे जाते, आणि मग दुसरे बंद होते. हे नानांना कळत होते, केरबालाही कळत होते. पण केरबाला त्याहून जास्त खात होते ते कणगीमागचे लेकरू. त्याने वाघाचे ते कापडी कातडे गोळा करून बगलेत मारले आणि म्हणाला, "नाना, मी चुकलो. हे जाळून टाकतो आणि शिंप्याकडं परत जातो. माझ्यापायी तुमची गावं नकोत जायला."

"झालं बोलून?" नाना म्हणाले. मग ते काठी टेकीत उठले आणि पाराकडे वळले. आवाज चढवला नाही, पण असा लावला की सगळे गप्प झाले. "शेट, गाव बंद करा. आमची ना नाही. पण आजची दुपार द्या. भ्यालेलं लेकरू मागं टाकून बहुरूपी वेस ओलांडत नसतो. आमच्यात तशी रीतच नाही. माझ्या बापानं ओलांडली नाही, मी ओलांडणार नाही, आणि हा तर मुळीच ओलांडणार नाही."

माणिकशेटने सुनेकडे पाहिले. तिने पदराने डोळे कोरडे केले. शेवटी म्हणाली, "पोरीच्या अंगावर जायचं नाही."

"पोरीकडं तोंडसुद्धा करणार नाही," नाना म्हणाले.

धर्मशाळेत परत आल्यावर नानांनी वाघाचे कातडे मांडीवर घेतले, अडकित्ता काढला, आणि शेपटीचा तो मेणाचा दुहेरी टाका कटाकट कापून टाकला. मग नानांनी सुईत एक हलका दोरा ओवला, शेपटीला एकच कच्चा टाका घातला आणि दाताने दोरा तोडला.

"नाना, ही तर चार पावलांत पडेल!"

"पडेल."

"भर पेठेत? लोक हसतील."

"हसू दे की! तुझं काय जातंय? आता नीट ऐक. शेटच्या अंगणात जायचं, घराकडं पाठ करून बसायचं. शेपटी पडली तरी तुला कळलेलं नाही. कुणी ओरडलं तरी लगेच कळायचं नाही. कळेल तेव्हा चुकीच्या बाजूला बघायचं. बाकी तुला काही करायचं नाही."

"आणि ती बाहेर आलीच नाही तर?"

"तर उद्या पुन्हा जायचं," नाना म्हणाले. "परवा पुन्हा. लेकरू हसेपर्यंत या गावातून आपलं बिऱ्हाड उठत नाही."

केरबाला यातले काही पटले नव्हते. पण बिऱ्हाड उठणार नाही हे मात्र त्याला मनापासून पटले. त्याने मुखवटा चढवला आणि निघाला.

दुपारची वेळ. शेटच्या अंगणात तो घराकडे पाठ करून बसला. पंजे चाटले. अंग खाजवले. कुंपणापलीकडे माणसे जमली, कडेला पोरेही आली, पण हाकेच्या अंतरावर, पळायच्या तयारीत. घरातून चिटपाखरू बाहेर आले नाही. ऊन डोक्यावर, लगद्याचा मुखवटा तापलेला, आत घामाच्या धारा. केरबा उठला, दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा बसला. आणि दुसऱ्यांदा उठला तेव्हा शेपटी जमिनीवरच राहिली. ती कधी सुटली हे त्याला खरोखरच समजले नाही.

कुंपणापाशी कुणीतरी फिस्सकन हसले. मग एक पोरगा धीर करून ओरडला, "ए वाघा, शेपटी पडली!" वाघाने ऐकले नाही. आणखी दोघे ओरडले. वाघाने कान खाजवला. मग मोठी माणसेही हसू लागली, आणि ते हसू केरबाला मिरचीसारखे झोंबले. पावसाळाभर डोळे फोडून केलेली ती शेपटी, तिचा तो गोंडा, सारे धुळीत पडले होते आणि काल वाहवा करणारे गाव आज त्याला हसत होते. एक क्षण वाटले, मुखवटा काढून फेकावा आणि चालू लागावे. पण कणगीमागचे लेकरू अजून आतच होते. तो दात आवळून तसाच फिरत राहिला.

"अगं बाई, मागं पडलीय ना!"

आवाज बारीक होता, आणि घराच्या बाजूने आला होता. केरबाला गर्रकन वळावेसे वाटले. पण नानांनी सांगितले होते, तसे त्याने डावीकडे पाहिले.

"तिकडं नाही!"

त्याने उजवीकडे पाहिले. वर आभाळाकडे पाहिले.

"वर कशी असेल शेपटी? वेडाच आहे हा वाघ!" उंबरठ्यावरचा आवाज आता चिडला होता. तुरुतुरु पावले वाजली. केरबा जागचा हलला नाही. त्याने श्वाससुद्धा जपून घेतला. मुक्ती अंगणात आली, वाकून शेपटी उचलली, तिच्यावरची धूळ फ्रॉकला पुसली, आणि वाघाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. अगदी आईच्या सुरात म्हणाली, "स्वतःची वस्तू नीट सांभाळता येत नाही का रे तुला?"

वाघाने मान खाली घातली. मुक्तीची आई दारातच मटकन खाली बसली आणि तोंडावर पदर दाबून रडू लागली. पोरगी बोलली होती.

"बरं, रडू नकोस," मुक्ती वाघाला म्हणाली. वाघ रडत नव्हता, पण त्याने लगेच डोळे पुसले. "आता डरकाळी फोड."

केरबा घाबरला. इतका तर तो कालही घाबरला नव्हता. त्याने मांजराएवढे गुरगुरून दाखवले.

"ही कसली डरकाळी? कालच्यासारखी फोड!"

मग केरबाने छाती भरून घेतली आणि कालचीच डरकाळी फोडली. तीच, तेवढीच मोठी. मुक्ती किंचाळली, शेपटी घेऊन उंबरठ्यापर्यंत धूम पळाली, आणि तिथून वळून, पडलेल्या दातांच्या फटीतून खिदळत ओरडली, "पुन्हा!" कुंपण ओलांडून पोरे आत घुसली. "पुन्हा! पुन्हा!" संध्याकाळपर्यंत केरबाचा घसा बसला, पण त्या अंगणातून त्याला कुणी सोडीना.

निघायची वेळ झाली, नाना काठी टेकीत अंगणात आले, तेव्हा एक नवाच प्रसंग उभा राहिला. मुक्ती शेपटी देईना. माणिकशेटने समजावले, "अगं, दे ना त्यांची वस्तू. गरीब माणसं आहेत." तिने शेपटी पाठीमागे लपवली. म्हणाली, "हा वेंधळा आहे. हरवेल वाटेत. मी ठेवते. पुन्हा येईल तेव्हा देईन."

माणिकशेटने नातीकडे पाहिले, मग नानांकडे पाहिले. सकाळी पारावर जे बोलून बसला होता ते आता परत घ्यायचे होते. त्याने जरा खाकरून घेतले. "मग काय," तो म्हणाला, "पुढल्या साली यावं लागणार तुम्हाला. शेपटी न्यायला."

नानांनी हात जोडले.

वेस ओलांडून बरेच पुढे आल्यावर त्याने विचारले, "नाना, टाका ढिला ठेव म्हणालात, पण कशासाठी ते का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू शेपटी ठरवून पाडली असतीस. ठरवून पाडलेली शेपटी पोरं लगेच ओळखतात, गड्या. ती कधी पडणार हे वाघालासुद्धा ठाऊक नको."

"पण मला एक कळलं नाही. शेपटी पडली, म्हणजे वाघ खोटा हे तिला समजलं. मग डरकाळी ऐकून ती पुन्हा किंचाळली कशी?"

नाना काठीवर भार देऊन थांबले. "काल वाघ तू एकट्यानं केलास. त्यात पोरांना शिरायला जागाच नव्हती, मग ती पळणार नाहीत तर काय करतील? आज तुझा वाघ तिच्यावाचून अडला. तिनं शेपटी आणून दिली तेव्हा कुठं तो पुरता झाला. म्हणजे तो अर्धा तिनं केला. स्वतः केलेल्या वाघाला भ्यायची मजाच निराळी, लेकरा. शेटच्या मोबाईलातला वाघ जातिवंत आहे, मी नाही म्हणत नाही. पण मुक्ती बघो न बघो, तो हरणामागं पळणारच. त्याचं तिच्यावाचून काही अडत नाही. ज्याचं आपल्यावाचून अडतं, त्याच्याकडं लेकरू पुन्हा पुन्हा येतं. आमची सोंगं एवढी वर्षं टिकली ती याच्यावर."

केरबा खाली मान घालून म्हणाला, "म्हणजे माझी पावसाळ्याची मेहनत फुकटच."

"छट्! फुकट कशी?" नाना जवळजवळ रागावलेच. "सगळाच वाघ चिंध्यांचा असला, तर शेपटी पडली काय आणि राहिली काय. माझ्या वाघाचे आता सगळेच टाके कच्चे झालेत, पोरं दया म्हणून हसतात, मला काय कळत नाही? तुझा वाघ असा पक्का होता, म्हणून त्या एका टाक्याला मोल आलं. इतकं पक्कं काम मला आयुष्यात जमलं नाही. आता ही गावं तूच फिर. मी वेशीजवळ बसून ऐकेन."

मुलांसमोर उभे राहणाऱ्या कुणालाही, मग तो मास्तर असो की आई-बाप, हे बोलणे लागू पडावे. आपण सगळे इतके पुरे करून त्यांच्या हाती देतो, की त्यांना करायला काही उरतच नाही, आणि मग म्हणतो, पोरांचे लक्ष लागत नाही.

केरबाने मुखवटा पुन्हा चढवला. पुढच्या गावच्या शिवारात मेंढरांमागे पोरे उभी होती. वाघ येताना पाहून ती आधी दबकली, मग एकाचे लक्ष गेले आणि तो लांबूनच ओरडला, "ओ वाघोबा, तुमची शेपटी कुठं हाय?"

वाघ थांबला. त्याने ताठ मानेने उत्तर दिले, "मुक्तीकडं ठेवलीय. पुढल्या साली आणायला जायचंय."